संसार चालू ठेवून

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना आम्ही 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. महायुद्धातल्या या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित उतरले. १९४९ साली तिला शहराचं नाव मिळालं. बराकींत संसार चालू असतानाच शहर घडत गेलं.

संगणकाच्या भाषांचंही असंच. २००८ साली 'पायथॉन'ची तिसरी आवृत्ती आली. जुनी आवृत्ती 'मराठी' हा साधा शब्द पंधरा मोजायची, म्हणजे साठवणीचे बाइट. नवी पाच मोजते : म, र, काना, ठ, वेलांटी. मात्रा मोजणाऱ्या माझ्यासारख्याला हा न्यायच वाटला.

पण जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालेनात. प्रत्येकाला इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रामांचा टेकू. ते बदलेपर्यंत हा हलेना. म्हणून जुन्या आवृत्तीची २०१५ ची मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. 'जँगो' हा त्यावरचा सांगाडा २०१७ च्या डिसेंबरात जुनीला सोडून पुढे गेला. इन्स्टाग्रामने त्याच वर्षी, सेवा बंद न ठेवता, हे स्थलांतर पुरं केलं.

माझी लेक हेच काम करते. "सगळं नव्यानंच का लिहीत नाही?" मी विचारलं.

"अब्बा, आत माणसं राहतात ना!"