सक्तीची लष्करसेवा: सक्ती कोणावर, बंदी कोणाला?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी समितीसमोर जो आराखडा ठेवला, त्याचं शीर्षक होतं ‘भारतात लष्करी सेवा सर्वांना सक्तीची असावी का?’ समितीतल्या एका सरांनी पुढचं पान उलटलंसुद्धा नाही. म्हणाले, “हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय झाला. यात इतिहास कुठाय?”

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, सर बोलले ते कडू होतं पण बरोबर होतं. ‘असावी का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला अभिलेखागाराची पायरी चढावीच लागत नाही. इस्राएल, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड अशी नावं घ्यायची, शिस्त आणि देशप्रेम एका पारड्यात टाकायचं, व्यक्तिस्वातंत्र्य दुसऱ्यात, की झाला निबंध. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच सुचवलं: “‘असावी का’ काढ. ‘कोणावर होती’ असं विचारून बघ.” या एका बदलानं माझं दीड वर्ष कुठल्या कुठे गेलं. त्यात काय सापडलं ते सांगतो. तुमच्यापैकी जे आत्ता विषय शोधताय, त्यांना उपयोग होईल.

माझं गृहीतक साधं होतं: इंग्रजांनी भारतीयांवर सक्ती केली असणार. कायदा शोधायला गेलो तर उलटंच निघालं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा आला. त्यात सक्ती होती, पण ती भारतात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. भारतीयांना त्या दलात यायचं तर स्वेच्छेनं यावं. दुसऱ्या महायुद्धातही १९४० मध्ये सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच ‘युरोपियन ब्रिटिश सब्जेक्ट्स’ हे शब्द आहेत. म्हणजे कागदावरची लष्करी सक्ती राज्यकर्त्या जमातीपुरती होती. तिच्यामागे भीती होती, तसा विश्वासही. बंदूक सक्तीनं कोणाच्या हातात द्यायची? ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याच.

मग भारतीयांवर सक्ती झालीच नाही का? झाली, पण कायद्याच्या पुस्तकात तिची नोंद नाही. पंजाबात मायकेल ओड्वायरच्या कारकिर्दीत जिल्ह्यांना, तिथून तहसिलींना आणि गावांना माणसांचे आकडे ठरवून दिले जात. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसनं जी चौकशी समिती नेमली (तिच्या अहवालाचं बरंचसं काम गांधींनी केलं), तिनं या भरतीतल्या जबरदस्तीच्या तक्रारी नोंदवल्या आहेत. कागदोपत्री मात्र प्रत्येक शिपाई ‘स्वेच्छेनं’ आलेला. नव्या संशोधकांनी हे ध्यानात ठेवावं: सरकारी दप्तरात ‘ऐच्छिक’ लिहिलंय म्हणून ते ऐच्छिक होतं असं धरून चालू नका. आकडा गावावर लादला, की गावातून कोण जाणार हे गावातली ताकद ठरवते.

१९१८ ची दोन दृश्यं इथे थोडक्यात सांगतो, कारण परीक्षेत ती नेहमी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, गांधी स्वतः सैन्यभरतीसाठी फिरत होते. प्रत्येक गावानं किमान वीस माणसं द्यावीत असं त्यांचं आवाहन होतं. काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या सत्याग्रहात ज्या लोकांनी आपणहून बैलगाड्या दिल्या, तेच आता भाड्यानंही गाडी देईनात, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. आणि मुंबईत जूनमध्ये गव्हर्नर विलिंग्डननं बोलावलेल्या युद्धपरिषदेत टिळकांनी भरतीच्या जोडीला स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवण्यात आलं. ते सभा सोडून गेले. टिळकांचा आग्रह असा होता, की भारतीयांना सैन्यात अधिकाऱ्याच्या जागा मिळणार असतील तर माणसं देऊ. हक्क आधी, कर्तव्य मग.

आता मुख्य गोष्ट. माझा विषय खरा वळला तो इथे.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची मोठी परंपरा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे आपण शाळेपासून वाचतो. पण १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेन्शनी घेतल्या, त्यांची मुलं एका हुकुमानं ‘न लढणारी’ ठरली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार्स ही पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. शेवटी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली.

हे अर्ज वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. जगभरचं सक्तीच्या भरतीवरचं साहित्य ‘आम्हाला नेऊ नका’ म्हणणाऱ्यांचं आहे. इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘आम्हाला घ्या’ म्हणून अर्ज करतायत. आणि त्याच वेळी, त्याच माणसांवर, गावात दुसरी एक सेवा पूर्ण सक्तीची होती. वेठ.

महार वतन म्हणजे काय ते नुसतं ‘बलुतेदारी’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारी निरोप पोचवणं, वसुलाची रक्कम तालुक्याला नेताना सोबत जाणं, आलेल्या अंमलदाराचं सामान वाहणं, वेळीअवेळी हाक आली की हजर होणं. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि बलुतं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांचा एक मुद्दा असा होता, की नेमलेला महार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला राबवलं जातं. म्हणजे नोकरी एकाची, पण सक्ती अख्ख्या घरावर. आजही आपण ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं’ असं सहज म्हणतो. तो वाक्प्रचार कुठून आला हे विसरून.

तर चित्र असं: जिथे गणवेश, पगार, पेन्शन आणि मान होता, ती सेवा जातीमुळे बंद, जिथे यातलं काही नव्हतं, ती सेवा जातीमुळेच सक्तीची.

एवढं डोक्यात ठेवून मग राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वाचा. पहिल्या भागात माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई आहे. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच आपला शब्द ठेवलाय. दुसरा भाग म्हणतो, की सार्वजनिक कारणांसाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, पण तसं करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. ३ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा तो मसुद्यातला अनुच्छेद १७ होता. संस्थानी मुलखातून आलेले राज बहादूर बेगारीच्या अनुभवावर बोलले. ह. वि. कामतांना ‘सार्वजनिक’ऐवजी ‘सामाजिक आणि राष्ट्रीय’ असे शब्द हवे होते. बाबासाहेबांचं म्हणणं पडलं, की ‘सार्वजनिक’मध्ये दोन्ही येतं.

पाठ्यपुस्तकं हा दुसरा भाग ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत उरकतात: यामुळे सक्तीची लष्करभरती घटनाबाह्य ठरत नाही, संपलं. मला तो अपवाद वाटत नाही. वेठ ही जातीवर आधारलेली सक्ती होती. दुसरा भाग म्हणतो, सक्ती करायचीच असेल तर सगळ्यांवर करा. पाटलाच्या मुलावर, वकिलाच्या मुलावर, महाराच्या मुलावर, सारखी. (लिंग हा शब्द त्या यादीत नाही, हे माझ्या लक्षात तिसऱ्यांदा वाचताना आलं. त्यावर कोणी काम करायला हवं.) घटना लागू झाली १९५० मध्ये, मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये.

स्वतंत्र भारतानं हा अधिकार सैन्यासाठी कधी वापरला? सैन्यभरतीसाठी कधीच नाही. जवळ जाणारं एकच उदाहरण आहे: एनसीसी. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची झाली. हे सैनिकी शिक्षण होतं, रणांगणावर जाण्याची बांधिलकी नव्हे. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची मी यावर मुलाखत घेतली. १९६५ला ते कॉलेजात होते. दीड तास बोलले, त्यातली पंचवीस मिनिटं परेडनंतरच्या नाश्त्यावर. मी जरा हिरमुसलोच. शेवटी निघताना ते म्हणाले, “आमच्या वर्गात सक्ती होती. माझा धाकटा भाऊ गिरणीत लागलेला, त्याला कोण विचारणार?” टेप मी बंद केला होता! घरी जाईपर्यंत ते वाक्य वहीत लिहून काढलं. मौखिक इतिहास करणाऱ्यांनो, दाराबाहेर पडेपर्यंत टेप चालू ठेवा.

कारण त्या वाक्यात माझं प्रकरण होतं. १९१७ची सक्ती युरोपियनांवर, १९६३ची कॉलेजात पोचलेल्यांवर. कायद्यानं सांगून केलेली सक्ती वरच्या थराला लागू झाली, थोड्या वर्षांत सैल पडली. न सांगता झालेली सक्ती, पंजाबच्या गावातली असो की महारवाड्यातली, खाली रुतून बसली.

हा सिद्धांत मला फार आवडला होता, म्हणून मॅडमनी लगेच त्याला टाचणी लावली. १९४० मध्ये तांत्रिक कामगारांसाठी एक वटहुकूम होता. त्यानं कुशल भारतीय कामगारांना युद्धाच्या कारखान्यांत कामाला लावता येत होतं. कायदेशीर सक्ती, आणि वरच्या थरावर नाही. तो अपवाद मी प्रबंधात तळटीपेत ढकलणार होतो. आता त्याला स्वतंत्र भाग आहे आणि माझं वाक्य ‘नेहमी’वरून ‘बहुतेकदा’वर आलंय.

मुलाखतीत (नेटची नव्हे, प्रवेशाची) तुम्हाला ‘मग तुमचं मत काय?’ असं विचारतीलच. मलाही विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांवर सारखी सक्ती होऊ शकते असं दाखवणारं एकही उदाहरण मला आपल्या दप्तरात सापडलेलं नाही, त्यामुळे सक्तीच्या बाजूनं बोलायला मी तयार नाही. समोरचे एक प्राध्यापक म्हणाले, “पण २०२२ मध्ये अग्निपथवरून तरुण रस्त्यावर आले, ते तर सक्तीविरुद्ध नव्हते.” नव्हतेच. चार वर्षांनी बाहेर काढू नका, असं म्हणत होते. १८९४च्या अर्जाची झेरॉक्स तेव्हा माझ्या फाइलीत होती. ती काढून त्यांच्यासमोर ठेवली.