देखरेख कोणाची होती?

डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा 9 जानेवारी 1945 रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, मिन्स्टरलीजवळच्या बँक फार्म या शेतावर मरण पावला. त्याची उपासमार झालेली होती, अंगावर माराच्या खुणा होत्या. ज्या दांपत्याकडे त्याला सांभाळायला दिले होते, त्यांच्यावर मार्चमध्ये स्टॅफर्डला खटला चालला. नवऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षे, बायकोला हेळसांडीबद्दल सहा महिने शिक्षा झाली. न्यायालयाचे काम तिथे संपले.

मग सरकारने सर वॉल्टर मंक्टन यांना चौकशीला का नेमले? (पुढे 1947-48 मध्ये निजामाचे कायदेशीर सल्लागार म्हणून हैदराबादच्या वाटाघाटींत दिसतात, ते हेच.) त्यांना नेमून दिलेला विषय नीट वाचला की उत्तर मिळते. कोणी मारले, हा प्रश्न त्यात नाही. डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स त्या शेतावर गेले कसे आणि त्यांच्यावर देखरेख काय होती, एवढेच विचारले आहे. कायद्याने मुलांचे पालकत्व वेल्समधल्या न्यूपोर्ट नगरपालिकेकडे होते. शेत दुसऱ्याच परगण्यात. श्रॉपशरच्या अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवावे, अशी न्यूपोर्टची अपेक्षा. पत्रे गेली, उत्तरे आली, आणि त्या पत्रांच्या आधाराने प्रत्येक कचेरी निर्धास्त राहिली. मुले 1944च्या उन्हाळ्यात गेली होती. न्यूपोर्टची एक कर्मचारी 20 डिसेंबरला शेतावर पोहोचली, डेनिसची अवस्था पाहून त्याला तिथून हलवावे असे तिचे मत झाले. मध्ये नाताळ आला. विसाव्या दिवशी मुलगा गेला.

या प्रकरणातले सगळ्यात बोचणारे कागद मला 20 डिसेंबरच्या या भेटीचेच वाटतात. ज्या बाईने पाहिले, तिने सांगितले. यंत्रणा हलली नाही. मंक्टन यांनी मे 1945च्या अहवालात न्यूपोर्टच्या ढिलाईवर बोट ठेवले. पालकत्व ही व्यक्तिगत जबाबदारी आहे, नगरपालिकेने ती पोटच्या मुलासारखीच निभावायला हवी, असा त्यांचा निष्कर्ष.

या मृत्यूमुळेच, आईवडिलांच्या घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाची पाहणी करणारी कर्टिस समिती नेमली गेली, असे अनेकदा लिहिले जाते. तारखा जुळवल्या की हे पुरते खरे ठरत नाही. अशा मुलांच्या स्थितीकडे लक्ष वेधणारे लेडी ॲलन यांचे ‘टाइम्स’मधले पत्र जुलै 1944चे आहे, आणि समिती नेमण्याचे आश्वासन सरकारने डिसेंबरमध्येच, म्हणजे डेनिस जिवंत असताना दिले होते. त्याच्या मृत्यूने त्या कामाला निकड आणली, एवढे म्हणता येईल. समितीचा अहवाल 1946चा. 1948च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला बालक समिती व बालक अधिकारी नेमणे भाग पडले. चौकशीचा उपयोग असा मोजावा: जबाबदारी कोणाची, हे पुढच्या वेळी अस्पष्ट राहता कामा नये.

ते राहिले. फेब्रुवारी 2000 मध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबीए लंडनमध्ये नातेवाइकाच्या छळाने मेली. चार नगरपालिकांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालये आणि पोलीस यांच्याशी तिचा संबंध आला होता. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंग यांच्या 2003च्या अहवालात 108 शिफारशी आहेत, आणि तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्याची नोंद. मंक्टन यांचा अहवाल तोवर अठ्ठावन्न वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होता.