आपोआप लागणारा गळ

परवा मिनेसोटातल्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. सगळीकडे पांढरंशुभ्र. मध्ये बर्फाला पाडलेलं परातीएवढं भोक. भोकाशेजारी प्लायवुडच्या तुकड्यावर उभी केलेली हातभर काठी, धनुष्यासारखी वाकवून एका खिळ्याला अडकवलेली. माणूस कुठेच नाही. दहा-बारा सेकंद काहीच घडत नाही. मग एकदम 'टप्' असा आवाज येतो, काठी सुटून सरळ होते आणि थरथरायला लागते. मागून भाच्याचा आवाज, "मामा, लागला!"

हा पठ्ठ्या वसईला असताना बाजारातून बोंबील आणायला पाठवलं तरी नाक मुरडायचा. आता उणे वीसमध्ये गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसतो. असो.

त्याला मी रात्री फोन केला आणि त्या काठीची रचना नीट समजून घेतली. (मला असल्या गोष्टींत भलता रस. घरातली मंडळी याला वेळेचा अपव्यय म्हणतात.) गंमत अशी आहे की मासा आमिष गिळतो असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो ते तोंडात घेऊन बघतो आणि क्षणात थुंकून टाकतो. त्या क्षणात काठीला हिसका बसला तरच गळ जबड्यात रुततो. हातात काठी असेल तर हिसका माणूस देतो. पण त्या थंडीत हात बाहेर ठेवणार किती वेळ? म्हणून मग काठी आधीच वाकवून ठेवायची, म्हणजे हिसका तिच्यात भरून ठेवायचा, आणि तिला अशा बेताने अडकवायची की माशाने जराशी ओढ दिली की अडकण निसटेल. बाकीचं काम काठीच करते. सगळी करामत त्या खिळ्याच्या धारेत. फार हलका ठेवला तर वाऱ्यानेच सुटतो, फार घट्ट ठेवला तर मासा आमिष थुंकून निघून जातो. भाच्याने तीन खिळे वाया घालवले म्हणे. तयार वस्तू दुकानात मिळते, पण याला घरीच करायची होती.

हे ऐकताना मला आमच्या तळ्याचा बांध आठवला. वसईत त्या काळी पावलोपावली तळी होती, आणि पावसाळ्यात शाळा सुटली की आम्ही पोरं बांधावर. बांबूची लवचीक कांब चिखलात रोवायची, वाकवायची, दोरीला लाकडाची खुंटी बांधून ती दुसऱ्या खुंटीच्या खाचेत अडकवायची. गांडूळ लावायचं आणि आपण जांभळाखाली गोट्या खेळत बसायचं. कांबीच्या शेंड्याला घुंगरू. ते वाजलं की धावायचं. चिलापी मिळायची, कधी शिंगटी. एकदा मरळीने कांबीसकट सगळं ओढून नेलं. ही युक्ती आम्हाला कुणी शिकवली ते आठवत नाही. आमच्याहून मोठ्या पोरांनी शिकवली असणार, आणि त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. वाकवलेल्या फांदीचा फास जगात जागोजागी शिकारीसाठी वापरलेला आहे, त्यातलंच हे एक पोर. अमेरिकेत १८४६ साली स्प्रिंगच्या गळावर पेटंटही दिलं गेलं होतं. आम्हाला पेटंट घ्यायचं सुचलं नाही इतकंच!

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. भाच्याचा व्हिडिओ मी पाचूबंदरच्या एका काकांना दाखवला. माझ्या वडिलांचे मित्र, वय ऐंशीच्या पुढे, उभा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "तिकडं भरती किती वाजता?"

म्हटलं, "काका, तळं आहे ते. तिथे भरती-ओहोटी नाही."

"मंग मासा येतो कसा?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. वसईच्या कोळ्याच्या दृष्टीने मासा येतो तो पाण्याबरोबर. माणूस माशाच्या मागे जात नाही, पाणीच मासा आणून देतं. आणि हे ज्या साधनात पुरेपूर उतरलं आहे ते म्हणजे डोल. आपल्या किनाऱ्यावरचं खरं 'आपोआप' चालणारं साधन हेच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोल म्हणजे भलं मोठं नरसाळं समजा. तोंडाशी डोळे मोठे, मागे जावं तसे बारीक होत जातात, आणि शेवटी अगदी बारीक डोळ्यांची थैली, तिला खोला म्हणतात. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, किंवा खोल पाण्यात दोर बांधलेल्या मेखा रोवायच्या (त्यांना सूस म्हणतात), आणि त्यांना हे जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे करून. झालं. आमिष नाही, गळ नाही, जाळं ओढणंही नाही. ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी सगळं खोल्यात जाऊन बसतं. बोंबील म्हणजे जेमतेम हाडं असलेला लिबलिबीत जीव, प्रवाहापुढे त्याचं काय चालणार. भाच्याच्या काठीत हिसका भरून ठेवलेला असतो तो बांबूच्या वाकात. इथे तो भरून ठेवलेला असतो चंद्रात.

म्हणूनच इथे कसब हाताचं नाही, वेळेचं. पाणी थांबतं ती घटका गाठायची, जाळं सैल पडतं तेव्हाच ते वर घ्यायचं. उशीर झाला आणि पाणी उलटलं की खोल्यातला माल आल्या वाटेने परत. काकांना घड्याळ लागत नसे, तिथी लागे. ज्यांनी जुन्या शाळेत पाऊणकी पाठ केली असेल त्यांना हे लगेच कळेल. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पाणी उतरलेलं. अष्टमीला सहा वाजता. रोज पाऊण तास पुढे. पुनवेला-अमावास्येला उधाण, पाण्याला जोर, जाळ्यात माल. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी मंद, डोल नुसतीच लोंबकळते. भांगाच्या दिवसांत जाळी दुरुस्त करायची, गावात लग्न असेल तर लग्नाला जायचं.

तर काकांनी माझा मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "आणि भोकं किती पाडू देतात?"

मी भाच्याला विचारून सांगितलं, भोकं कितीही पाडा, पण त्या राज्यात बर्फावर एका माणसाला दोनच दोर. काकांनी मान डोलावली, जणू हेच ऐकायचं होतं. मला मात्र हा प्रश्न नंतर बरेच दिवस पुरला.

कारण बघा, हातात काठी धरून बसलेल्या माणसाला मर्यादा त्याचे हातच घालतात. दोन हात, एक काठी. आम्ही पोरांनी कांबी रोवायला सुरुवात केली त्याच आठवड्यात बांधावर भांडणं सुरू झाली होती. कारण आता एक पोरगा सात कांबी रोवून सगळा बांध अडवू शकत होता, आणि आमच्यातला एक तसं करतच होता. साधन आपोआप चालायला लागलं की भांडण माशावरून उरत नाही, ते जागेवरून होतं. कोण किती रोवणार आणि कुणाच्या पुढ्यात.

समुद्रावर हे भांडण फार जुनं आहे. मुंबई हायकोर्टाचा १८७६ सालचा एक निकाल आहे, बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा. नावं वाचूनच किनाऱ्याचा वारा लागतो. समुद्रात मासेमारी करणाऱ्या दोन गटांचा तंटा होता. कोर्टाने सांगितलं त्याचा मतितार्थ असा की समुद्रात मासे धरायचा हक्क सगळ्यांचा आहे, पण तो रास्तपणे वापरायचा, दुसऱ्याच्या तशाच हक्काला आडकाठी होईल असा नव्हे. आणि तसं करून कुणाचं खास नुकसान केलं तर तो दावा लावू शकतो. वाचायला सोपं. पण भर समुद्रात 'रास्त' म्हणजे किती वाव, हे कुणी मोजायचं?

आणि हा वाद संपला असं समजू नका. आपल्याच पालघर जिल्ह्यात तो कित्येक वर्षं धुमसतो आहे. डोलीसाठी समुद्रात खुंट रोवून जागा धरायची याला कव मारणं म्हणतात. वसई, अर्नाळा, उत्तनच्या डोलवाल्यांनी उत्तरेकडे कवी मारल्या, आणि सातपाटी, मुरबे, डहाणूकडच्या लोकांचं म्हणणं की त्यामुळे आमची जाळी टाकायला समुद्रच उरत नाही. त्यांची जाळी वेगळी. लांबच लांब, पाण्याबरोबर वाहत जाणारी, पापलेटसाठीची. वाटेत खुंट आला की जाळं फाटलंच. एकाचं साधन जागेवर रोवलेलं, दुसऱ्याचं वाहतं. दोघेही म्हणतात आमचं पारंपरिक, आणि दोघांचंही खरं आहे. मी वसईचा, तेव्हा मन आपसूक डोलवाल्यांकडे झुकतं, हे आधीच कबूल करतो. पण एकदा सातपाटीला एका घरी फाटलेलं जाळं ओसरीवर पसरलेलं पाहिलं. तीन माणसं सकाळपासून ते शिवत होती. त्यानंतर पूर्वीइतक्या ठामपणे बोलता येत नाही.

मला स्वतःला डोलीबद्दल दुसरीच एक गोष्ट टोचते. भाच्याच्या गळाला एका वेळी एक मासा लागतो. तो फूटपट्टी लावतो आणि लहान निघाला तर भोकातून परत सोडतो, मासा जिवंत असतो. डोल काय करणार? पाणी जे आणेल ते खोल्यात. त्यात पापलेटची नखाएवढी पिल्लंही येतात, आणि जाळं वर येईपर्यंत दाबाने सगळं मेलेलं असतं. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्यात रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणूनही जाहीर केलं. नियम चांगलाच आहे. पण मिलिमीटर मोजायला बाजारात अधिकारी बसेल, ओहोटीला कोण सांगणार?

काकांना हे बोललो तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, पूर्वी खोल्याचे डोळे एवढे बारीक नव्हते. जाळी सुताची नि तागाची, हाताने विणलेली, सारखी वाळवायची, सारखी सांधायची. फार बारीक विणणं परवडायचंच नाही. नायलॉन आल्यावर ना कुजण्याची भीती, ना वजन. मग डोळा बारीक झाला, जाळी मोठी झाली, यंत्राची होडी आल्यावर लांब जाता आलं, एकाच्या चार डोली झाल्या. हे सांगताना दोष कुणावर ठेवला नाही. त्यांच्याही चार होत्या.

आता एकही नाही. मुलगा नोकरीला, होडी विकली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पूर्वी त्यांच्या अंगणात जाळी पसरलेली असायची, बसायला जागा नसायची. यंदा गेलो तर अंगणात मोटारसायकल आणि तुळईला टांगलेला डोलीचा एक तुकडा, त्यात कांदे भरून ठेवलेले.

भाच्याला मी घुंगराची युक्ती कळवली. तिकडे घुंगरू मिळेना, म्हणून त्याने मांजराच्या पट्ट्याची घंटी लावली आहे. नव्या व्हिडिओत ती वाजते. काकांनी ऐकली आणि सवयीने बोटांवर मोजलं, "आज दशमी ना? दहा पाऊणे साडेसात." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि हसले.