'सैरंध्री' ते १५ जीबी : जागा किती, प्रती किती?

१/ बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' हा मूकपट कोल्हापुरात निर्माण झाला, १९२० साली. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्याच कोल्हापुरात 'प्रभात'ने १९३२ साली काढलेला 'अयोध्येचा राजा' मात्र आजही पाहता येतो.

२/ त्या काळची फीत नायट्रेटची. ती सहज पेट घेई. नीट न राखल्यास कुजून तिची भुकटी होई. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे नायट्रेट फितींचे कोठार जळाले. 'प्रभात'च्या मूळ फितीही त्यात गेल्या. चित्रपट उरले ते अन्य फितींवर आधीच उतरवलेल्या प्रतींमुळे.

३/ आजचे कोठार म्हणजे क्लाउड. गूगलने २०१३ साली मोफत जागा १५ जीबी केली. चार एमबीचे एक छायाचित्र धरल्यास ती सुमारे पावणेचार हजार छायाचित्रांत भरते, ईमेलही त्यातच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली.

४/ मोडी कागद, वीरगळ, शिलालेख टिपणाऱ्या अभ्यासकाला एवढी जागा पुरत नाही. जादा जागा विकत घेता येते. परंतु खाते एकच असेल, तर प्रतही एकच राहते.

५/ म्हणून दोन हार्ड डिस्क असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी; दुर्मीळ तेवढे क्लाउडवरही. प्रत्येक फाइलच्या नावात स्थळ आणि तारीख हवी. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर पाहिलेल्या कोल्हापुरात 'दुसरे ठिकाण' म्हणजे पूररेषेबाहेरचे, हे वेगळे सांगणे नलगे.