खरे नाणे आणि हेरञ्ञिकाची दृष्टी

आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रज्ञेचे विवेचन करताना एक मार्मिक दृष्टान्त आला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे. एक अजाण बालक, एक खेडूत आणि एक हेरञ्ञिक, म्हणजे नाणेपारखी, असे तिघे तो ढीग पाहतात. बालकाला नाण्यांचा रंग व आकार तेवढा दिसतो. खेडुताला त्यांचे व्यवहारातील मोलही कळते. परंतु खरे कोणते, खोटे कोणते, ते कोठे व कोणाच्या हातून पाडले गेले, हे पारखीच जाणतो. त्यासाठी तो नाणे पाहतो, त्याचा नाद ऐकतो, वास व चव घेतो आणि हाताने तोलतो. संज्ञा, विज्ञान व प्रज्ञा यांतील भेद आचार्यांनी या तिघांच्या द्वारे स्पष्ट केला आहे.

आज जुन्या नाण्यांचा बाजार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरतो. तेथे पारख्याच्या पाच कसोट्यांपैकी एकच, दर्शनाची, उरते; तीही छायाचित्रापुरती. अशा बाजारात गिऱ्हाईक नकळत बालकाच्या जागी जाऊन बसते. म्हणून या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच्या पश्चिमेस जुन्नर तालुका लागतो. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात क्षहरात राजा नहपान याचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा दानलेख आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे कोरले आहे. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले होते. वर्षाचे व्याज २४० कार्षापणे होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची होती. राळेगणसिद्धीच्या एखाद्या शिक्षकास वा विद्यार्थ्यास आपल्या मुलखाचे प्राचीन नाणे जवळ असावे असे वाटले, तर नहपानाच्या चांदीच्या नाण्याकडे त्याचे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे.

या नाण्यांचा सर्वांत मोठा साठा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडला. त्यात १३,२५० च्या आसपास नाणी होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडल्याचा हा ठोस पुरावा ठरला. हा साठा एकत्र हाती आला व मोजला गेला, म्हणूनच तो इतके बोलू शकला. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर ही साक्ष विरून गेली असती.

असे दुहेरी ठशाचे नाणे संग्राहकांना हवेसे वाटते, आणि जेथे मागणी तेथे बनावटही येते. येथे एक कसोटी ध्यानात ठेवावी. प्राचीन नाणी हाताने ठसा मारून पाडली जात. म्हणून ठसा कोठे सरकला, कडा कोठे फाटली, या गोष्टी दोन नाण्यांत तंतोतंत सारख्या येत नाहीत. दोन नाण्यांवर दुसरा ठसा त्याच जागी, त्याच कोनात आणि तीच चीर असेल, तर ती एकाच साच्यात ओतलेली आहेत असे खुशाल समजावे. ओतीव नाण्यावर सूक्ष्म खड्डे व कडेला सांध्याची रेघ पुष्कळदा दिसते. म्हणून विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे आणि ग्रॅममधील वजन मागावे. नाणे परत घेण्याची हमी व पावती लेखी घ्यावी. पुरावस्तूंच्या व्यापारास १९७२ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. तो आहे काय, हेही विचारावे.

काही वस्तूंची तर पारखही करावी लागत नाही. हनुमान किंवा रामदरबार यांची मुद्रा आणि १८१८ हे साल असलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे' आणे कंपनीच्या टांकसाळीतून कधीच निघाले नाहीत. फसवणुकीची दुसरी तऱ्हा विकणाऱ्यास गाठते. घरातील जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी शुल्क, कमिशन वा कर मागितला जातो. यासाठी आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असेही तिने स्पष्ट केले. पैसे मिळण्यापूर्वी पैसे मागणारा मनुष्य गिऱ्हाईक नव्हे, एवढे ओळखले तरी पुरे.

राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाची कामे झाली. आज गावोगावी तशी कामे चालतात. माती उकरताना नाणी निघाली तर ती बाजारात नेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा निधीची सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.

खोटे नाणे घेणाऱ्याचे पैसे जातात. परंतु तेच नाणे पुढे एखाद्या अभ्यासकाने पुरावा म्हणून वापरले, तर ज्यांच्या चीवरासाठी ती कार्षापणे ठेवली गेली त्या संघाच्या इतिहासातही असत्य शिरते. हेरञ्ञिकाची दृष्टी एका दिवसात येत नाही. पण नाणे हाती घेऊन तोलल्याखेरीज खरेखोटे ठरवू नये, एवढा संयम आपल्यापैकी प्रत्येकाला आजच पाळता येईल.