स्लो मोशन एडिटिंगमध्ये बनत नाही!

आजची गोष्ट माझ्या एका फसलेल्या व्हिडिओची.

२००८ साल. मी कॉलेजात होतो. गावच्या गणपती मिरवणुकीत माझे आजोबा लेझीम खेळले, तेही पंचाहत्तराव्या वर्षी! मी भाड्याने आणलेल्या मिनी-डीव्ही हँडीकॅमवर शूट केलं. पुढच्या वर्षी आजोबा गेले. मग वाटलं, त्यांचा तो लेझमीचा झटका संथ करून घरच्यांना दाखवावा. क्लिप कॉम्प्युटरवर घेतली, स्पीड २५ टक्के केला. आणि आजोबा चक्क अडकत अडकत हलायला लागले. सिनेमात कसं सगळं अलगद तरंगतं, तसं काहीच नाही.

माझं चुकलं कुठे? ते कळायला शंभरेक वर्षं मागे जाऊया.

१८७८, कॅलिफोर्निया. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा तेव्हा वादाचा विषय होता. डोळ्यांना ते दिसत नव्हतं. एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने धावपट्टीशेजारी १२ कॅमेरे ओळीत लावले. घोडा पळाला, एकेक फोटो निघत गेला. उत्तर मिळालं: हो, असतात! म्हणजे क्षणाचे जितके जास्त तुकडे पकडाल, तितकं जास्त दिसतं.

आता ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात या. तिथे ऑगस्ट मुसगर नावाचे धर्मगुरू होते, शिकवायचेही. त्या काळी सिनेमाचं चित्र पडद्यावर फडफडायचं. ते थांबवायला त्यांनी फिरत्या आरशांचं यंत्र बनवलं आणि १९०४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. गंमत म्हणजे, याच युक्तीने खूप वेगात चित्रंही टिपता येत होती. पण पुढे पेटंटची फी भरायला पैसे पुरले नाहीत आणि हक्क गेला. १९१४ मध्ये ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने तीच कल्पना सुधारून बाजारात आणली. नाव दिलं ‘त्साइटलुपे’, म्हणजे काळाचं भिंग. जर्मन लोक स्लो मोशनला आजही हेच म्हणतात.

मला हा शब्द फार आवडतो. कारण भिंग असलेली गोष्टच मोठी करतं. नसलेली कुठून दाखवणार?

फिल्मचं गणित सोपं होतं. सेकंदाला ९६ फ्रेम शूट करा, २४च्या वेगाने दाखवा, झालं चौपट संथ. कुरोसावाच्या १९५४च्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये मरणारा माणूस संथपणे कोसळतो, तो असाच. म्हणजे काम कॅमेऱ्यातच झालेलं असायचं.

माझ्या हँडीकॅमकडे सेकंदाला फक्त २५ फ्रेम होत्या. पण त्यातही एक खुबी होती. प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असायची, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. ती वेगळी केली की ५० चित्रं मिळतात. चित्र थोडं मऊ पडतं, पण दुप्पट संथ, तेही न अडकता!

त्याच २००८ मध्ये कॅसिओचा ‘एक्सिलिम ईएक्स-एफ१’ आला. सेकंदाला १२०० फ्रेमपर्यंत, पण तेव्हा चित्र फक्त ३३६ बाय ९६ पिक्सेलचं, एखाद्या पट्टीएवढं! मग २०१३ मध्ये आयफोन ५एसने १२० फ्रेम खिशात आणल्या, पुढच्याच वर्षी २४०.

म्हणून शूट करण्याआधीच ठरवा. ३०च्या टाइमलाइनवर १२० म्हणजे चौपट संथ, २४० म्हणजे आठपट. उजेड भरपूर हवा, कारण २४०ला प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त सेकंदाचा २४०वा भागच मिळतो. जुन्या ट्यूबलाइटखाली तर नकोच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्लो मोशनमध्ये ते स्पष्ट दिसतं. आणि हो, ऊन असेल तर उन्हातच शूट करा.

‘पण दादा, ॲपमध्ये स्मूथ स्लो-मो असतं की!’ असतं ना. दोन फ्रेमच्या मधलं चित्र सॉफ्टवेअर अंदाजाने काढतं. काही फोनच्या मोठमोठ्या आकड्यांमागेही हेच असतं. मीही आजोबांच्या क्लिपवर करून बघितलं. लेझमीच्या चकत्या विरघळल्यासारख्या झाल्या आणि एका ठिकाणी आजोबांच्या हाताला सहावं बोट फुटलं. आईने बघितलं आणि म्हणाली, “हे बाबा नाहीत.”

ती फाइल मी उडवली. अर्ध्या वेगाची, थोडी मऊ, पण खरी क्लिप ठेवली. दर गणपतीत ती आम्ही टीव्हीवर लावतो.

तुमच्या घरात कुणी लेझीम खेळत असेल, फुगडी घालत असेल, तर यंदा सेटिंगमध्ये जाऊन १२० करा. आणि मग आम्हाला कळवा, काय काय दिसलं! भेटू पुढच्या भागात.