डोळ्यांतून कान तपासण्याची कुळकथा

रस्त्याने चालताना आपण दुकानाची पाटी सहज वाचतो. पावलागणिक डोकं हलतं, पण पाटीवरची अक्षरं हलत नाहीत. डोकं उजवीकडे वळलं की डोळे तितक्याच वेगाने डावीकडे फिरतात आणि नजर जागच्या जागी राहते. हा हुकूम सुटतो आंतरकर्णातून. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोकं वळल्याचं कळतं आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांचे स्नायू कामाला लागतात.

ही सोय गेल्यावर काय होतं, ते एका डॉक्टरने स्वतःच भोगून लिहून ठेवलं आहे. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी त्याच्या दोन्ही आंतरकर्णांतली तोलाची यंत्रणा निकामी झाली. १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘जे. सी.’ एवढ्याच आद्याक्षरांनी त्याचा लेख आला. पलंगावर पडून वाचायचं तर त्याला डोकं पलंगाच्या दोन गजांमध्ये घट्ट रोवून धरावं लागे. नाडीच्या ठोक्याने डोकं जेवढं हलतं, तेवढ्यानेही अक्षरं नाचत. चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नसे, त्यासाठी थांबावं लागे. कानातल्या या यंत्रणेची तपासणी का हवी, हे तो लेख वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

चक्कर कानातून येऊ शकते, हेच मुळात वैद्यकाने उशिरा मानलं. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्लूरांस याने कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. ज्या पातळीतली नलिका कापावी, त्याच पातळीत पक्ष्याचं डोकं हेलकावे खाऊ लागे. तरी माणसाला चक्कर आली की दोष मेंदूत रक्त साठण्याला दिला जाई. पॅरिसच्याच मूकबधिर संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ साली ठामपणे सांगितलं की चक्कर, कानातला आवाज आणि बहिरेपणा एकत्र दिसले तर बिघाड आंतरकर्णात शोधा. पुढच्याच वर्षी ते वारले.

कान कवटीच्या हाडात खोल दडलेला, तो बघायचा कसा? याचं उत्तर व्हिएन्नात मिळालं, आणि ते एका रुग्णाच्या तक्रारीतून मिळालं, ही मला या कुळकथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. रॉबर्ट बाराने हा तरुण डॉक्टर तिथल्या कानाच्या दवाखान्यात पिचकारीने रुग्णांचे कान धुवायचा. काहींना त्यात चक्कर यायची आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागायचे. एकदा एक रुग्ण म्हणाला, पाणी पुरेसं कोमट नसलं तरच मला गरगरतं. पुढे पाणी फारच गरम झालं, तेव्हाही त्याला गरगरलं. पण या वेळी डोळ्यांचे झटके उलट दिशेने होते. बाराने यांना न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब आठवला: वरचं पाणी कढत, तळाचं गार. कानातला द्रवही तापला की वर चढत असेल, गार झाला की खाली बसत असेल. मग डोकं उलटं केलं तर झटक्यांची दिशाही उलटायला हवी. त्यांनी करून पाहिलं, आणि ती उलटली.

या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते रशियनांच्या कैदेत होते. पहिल्या महायुद्धात प्शेमिश्लच्या किल्ल्यात पकडले जाऊन ते मध्य आशियातल्या मर्वला पोचले होते. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे रदबदली केली आणि १९१६ साली त्यांची सुटका झाली. उरलेलं आयुष्य त्यांनी उप्सालात काढलं.

१९४२ साली लंडनमध्ये फिट्झजेराल्ड आणि हॉलपाइक यांनी ही चाचणी पक्क्या आकड्यांत बसवली: ३० अंश आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी, आधी एका कानात, मग दुसऱ्यात. बाराने यांच्या सिद्धान्ताला धक्का बसला तो १९८३ साली अंतराळात. स्पेसलॅब या अंतराळातल्या प्रयोगशाळेत वजनच नसताना गरम द्रव वर चढणार कसा? तरीही तिथे अंतराळवीरांचे डोळे झटके देत राहिले. म्हणजे उष्णतेचा परिणाम आणखी वेगळ्या वाटेनेही होतो. चाचणी मात्र टिकली.

पण ती रुग्णाला गरगरवणारी, वेळ खाणारी, आणि रोजच्या हालचालींपेक्षा फार संथ उत्तेजना देणारी. सिडनीचे मायकेल हॅल्मॅगी आणि इयन कर्थॉइस यांनी १९८८ साली जी तपासणी मांडली तिला दोन हात पुरतात. रुग्णाने डॉक्टरच्या नाकाकडे बघायचं. डॉक्टर त्याचं डोकं धरून, कुठल्या बाजूला ते कळू न देता, थोड्याच अंशांतून पण झटकन वळवतो. कान शाबूत असेल तर नजर नाकावरच राहते. नसेल तर डोळे डोक्याबरोबर फरफटत जातात आणि मग एका उडीत परत येतात. ती उडी म्हणजेच निदान. एका बाजूची तोलाची नस शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांमध्ये त्यांनी ती दाखवली. झटका वेगवानच हवा, कारण हळू वळवलं तर दुसरा चांगला कान दोघांचंही काम निभावून नेतो आणि दोष लपतो.

कधी कधी मात्र डोळे डोकं हलत असतानाच ती उडी मारतात, मग साध्या नजरेला ती सापडत नाही. म्हणून २००९ साली सिडनीच्याच गटाने चष्म्यात सेकंदाला अडीचशे चित्रं टिपणारा कॅमेरा बसवला. डोळ्यांचा वेग भागिले डोक्याचा वेग: उत्तर एकाच्या आसपास आलं तर ठीक. अगदी लहान मुलांच्या चेहऱ्यावर हा चष्मा नीट बसत नाही. किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांची तपासणी काही मिनिटांत होते. मैदानात डोक्याला मार बसलेल्या मुलांना डोळ्यांच्या आणि डोक्याच्या हालचालींनी त्रास होतो का हे पाहणारी, कान आणि डोळ्यांची हीच जोडीही तपासणारी सोपी चाचणी २०१४ साली पिट्सबर्गमधून आली.

डोकं झटकन वळवण्याच्या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र उफराटा आहे. माणसाला तासन्‌तास सलग चक्कर येते आहे, डोळे झटके देत आहेत, आणि तरीही मानेच्या झटक्याची तपासणी निर्दोष आली, तर ती वाईट बातमी आहे: कान बरा आहे, म्हणजे घाव बहुधा मेंदूत. ही तपासणी आणि डोळ्यांच्या आणखी दोन खुणा मिळून पक्षाघात ओळखण्यात सुरुवातीच्या तासांतल्या एमआरआयलाही मागे टाकतात, असं २००९ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. अट एकच, पाहणारा सरावलेला हवा.

आपल्याकडे चक्कर म्हटली की मानेच्या मणक्याचा एक्स-रे निघतो, गोळ्या सुरू होतात, आणि डोळ्यांकडे कुणी बघतच नाही. हे बदलायला हवं. घरात कुणाला अशी सलग चक्कर आली तर वाट न बघता रुग्णालय गाठा, आणि डोळे तपासले का, हे डॉक्टरांना विचारा. मानेला झटका मात्र घरी कुणी देऊ नये.